पिवळा पंप

पेटी हलकी लागायला हवी होती. लागली जड.

तेजलने ती पुन्हा उचलून पाहिली. श्रावणातल्या लोणावळ्यात मधमाशांची पेटी जड? आठ दिवसांनी जरा उघडीप मिळाली म्हणून ती गच्चीवर आली होती, आणि खरं सांगायचं तर मेलेल्या माशा झाडायच्या तयारीनंच आली होती. फाल्गुनात तिच्याकडे सहा पेट्या होत्या. जांभूळ फुलला, हिरडा फुलला, मळवलीचे बंगलेवाले घरी येऊन मधाच्या बाटल्या घेऊन गेले. मग पाऊस लागला. इथला पाऊस माशीला बाहेर पडू देत नाही, आणि पडली तरी फूल कुठं असतं? चार पेट्या आषाढातच उपाशी मेल्या. उरल्या दोन. या गेल्या की धंद्याला टाळं लावायचं आणि तळेगावच्या कंपनीत खोकी चिकटवायला जायचं, असं तिनं आईला कबूल करून ठेवलं होतं.

तिनं झाकण काढलं. माशा होत्या. नुसत्या होत्या नव्हे, चांगल्या तुकतुकीत होत्या. पोळ्याच्या चौकटी काठोकाठ भरलेल्या. "अगं बाई, मध!" ती एकटीच ओरडली. बोट बुडवून चाटलं, आणि तिचा चेहरा उतरला.

मध नव्हताच तो. साखरेचा पाक होता, आणि त्याला वेलदोड्याचा घमघमाट.

इतका वेलदोडा या गल्लीत एकच माणूस घालतो, हे शेंबडं पोरही सांगेल. गच्चीखालच्या चिक्कीच्या कारखान्याचे बद्रुद्दीनचाचा, काजूच्या चिक्कीत. म्हणजे माशा त्यांच्या कढईवर जात होत्या. झालं, संपलंच की मग!

कारण महिन्यापूर्वी चाचा स्वतः वर आले होते. हातात कागदाची पुडी. पुडीत बावीस मेलेल्या माशा, पाकात लडबडलेल्या.

"ह्या तुझ्याच ना?" चाचांचा आवाज असा, की त्यांनी सलाम केला तरी भांडल्यासारखा वाटावा. "गिऱ्हाइकाला चिक्कीत माशी घावली तर माझं दुकान बसंल, पोरी."

तेजल रडकुंडीला आली होती. "चाचा, भुकेनं येतात हो त्या. पावसात त्यांना पाक करून घालावा लागतो. गूळ चालत नाही, पोट बिघडतं त्यांचं, साखरच लागते. मी घालते, पण माझा पुरत नाही."

चाचा पुडी घेऊन खाली उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात फवारणीचा पिवळा पंप उभा होता. कोरा करकरीत. तेव्हापासून तेजल सकाळी उठली की आधी खिडकीतून त्या पंपाकडे बघायची आणि मग तोंड धुवायची. आज मारतील, उद्या मारतील. महिनाभर हेच चाललं होतं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती झाकण लावून खाली गेली. चाचा पाटावर चिक्की लाटत होते.

"चाचा, माझ्या माशा अजून तुमच्याकडे येतात. मला आजच कळलं. चुकलं माझं. उद्या दोन्ही पेट्या सोमाटण्याला मामाकडे नेते."

लाटणं थांबलं. "कुणाला इचारून?"

"अहो, तुम्हालाच त्रास नको म्हणून..."

"उद्या नेनार व्हय?" चाचा उठले. हात लुंगीला पुसले, पंप खांद्याला अडकवला आणि तरातरा मागच्या दारानं निघाले.

तेजल मागे धावली. "चाचा, नका हो! आज संध्याकाळी नेते. आत्ता नेते!"

चाचांनी दांडा हापसला. फस्सकन फवारा उडाला. तेजलनं डोळे गच्च मिटले आणि ओढणी नाकाला लावली.

ओढणीतूनही वास आलाच. वेलदोड्याचा.

तिनं डोळे उघडले. पत्र्याच्या वळचणीखाली एक परात होती. परातीत भाताचा पेंढा पसरलेला. पेंढ्यावर पाकाचे बारीक थेंब, आणि थेंबांना तोंड लावून बसलेल्या शंभरेक माशा. एकही बुडत नव्हती.

"साखरंच्या कढईचं धुवण हाय," चाचा त्याच भांडखोर आवाजात म्हणाले. "गुळाचं न्हाई. तांब्यानं वतलं तर बुडून मरत्यात, म्हनून फवारतो. हितं पोटभर खात्यात, मग कढईकडं फिरकत न्हाईत. म्हयन्यात एक पडली न्हाई."

"पण हा पंप तुम्ही..."

"मारायलाच आणला हुता. खोटं कशाला बोलू? वर तुझ्याकडं यायच्या आदीच आणला, औषदाच्या बाटलीसकट. मग तू म्हनलीस, उपाशी हायेत. उपाशी जिवाला कसं मारायचं गं? खतवाल्यानं बाटली परत घेतली. पंप घेईना."

तेजलला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोट धरून हसत होती. एवढं हायसं तिला सहा पेट्या भरल्या होत्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

चाचा वैतागले.

"हसतीस काय? नोझल दर दोन दिसाला तुंबतंय, बायको रोज बोलती. आन तू निगालीस पेट्या घिऊन सोमाटण्याला. मग ह्यो पाक काय मी भिताडाला पाजू?"