सांभाळणाऱ्याचा हात

"फोटो पाच, आणि हातही पाच जणांचे!" भिंगताईंनी छापून आणलेले कागद टेबलावर एकेक करून मांडले. "हे काय गौडबंगाल आहे, ते आज मला कळलंच पाहिजे."

समोर घड्याळजी बसले होते. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दोन्ही हात मांडीवरच्या टॉवेलखाली घालून बसले होते ते. त्यांनी एकदा फोटोंकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे.

भिंगताईंना हे नाव मंडळातल्यांनी दिलेलं, आणि उगाच नाही. कुणालाही फुकट वापरता येईल अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम हे मंडळ चालवायचं. ती कोणत्या यंत्रांवर चालत ठेवायची आणि कोणती यंत्रं यादीतून काढायची, हेही तेच ठरवायचं. पूर्वी एका महाभागाने इंटरनेटवरून उचललेले फोटो पाठवून दोन वर्षं सगळ्यांना टोपी घातली होती. तेव्हा भिंगताईंनी नियम केला: नवी आवृत्ती आली, की ते यंत्र जो सांभाळतो त्याने ती खऱ्या यंत्रावर चालवायची, स्वतःचा हात यंत्रावर ठेवायचा आणि फोटो पाठवायचा. हात नाही तर यंत्र नाही. आज त्या कुणालाही न सांगता इथे आल्या होत्या, म्हणजे कुणी आधी फोन करून सावध करायला नको.

"पहिला तुमचा मानते. दुसऱ्यात रुतलेली अंगठी. तिसऱ्याच्या नखांना लाल रंग. चौथा तर एवढासा, शाळकरी मुलीचा! आणि पाचव्याला केसच केस."

"घरात माणसं असतात. शेजारीपण असतात," घड्याळजी म्हणाले.

"नियम शेजाऱ्यांचा नाही. आणि तुमची ती पत्रं! 'चालू आहे.' बस्स, दोन शब्द. ज्याला काही लपवायचं नसतं तो इतकं हात राखून लिहितो होय?"

रविवारी मतदान होतं. घड्याळजी सांभाळत ते जुनं बत्तीस-बिटचं यंत्र यादीतून निघालं, की त्याला सुधारणा मिळणं बंद. खालच्या गल्लीतल्या वाचनालयात तसली नऊ यंत्रं होती आणि नोकरीचे अर्ज भरायला अर्धी गल्ली तिथेच रांग लावायची. ती नऊच्या नऊ भंगारात जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मागच्या महिन्यात डिस्कची चूक सुधारून पाठवलीत," भिंगताई म्हणाल्या. "प्रोग्रामच्या चाळीस ओळी, नाव ठेवायला जागा नाही. मी मंडळात स्पष्ट सांगितलंय, हे काम यांचं नाही, कुठून तरी ढापलंय."

घड्याळजींचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांची बायको पाणी घेऊन आली. "अहो, गोळीला अजून तास आहे. यांना उद्या सकाळी यायला सांगा ना."

"तू गप बस."

भिंगताईंचे कान टवकारले. "कसली गोळी? आणि सकाळी काय वेगळं दिसणार आहे? मला आत्ता बघायचंय. माझ्या डोळ्यांदेखत चालू करा."

घड्याळजींनी टॉवेल बाजूला केला. दोन्ही हात थरथरत होते, थोडेथोडके नाही, टेबलावरचे कागद सरकावेत इतके. त्यांनी उलट्या मुठीने बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि मिनिटभरात पडद्यावर नाव विचारू लागलं. त्यांनी एक अक्षर दाबलं, पाच उमटली. पुसायला गेले, तर होतं नव्हतं तेही पुसलं गेलं.

भिंगताई न राहवून पुढे झाल्या. बायकोने त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या. मदत केली की तोंडाला येईल ते बोलतात."

चार अक्षरांच्या नावाला सहा मिनिटं लागली.

"आणि त्या चाळीस ओळी?" भिंगताईंनी हळूच विचारलं.

"एकोणीस दिवस," बायको म्हणाली. "सकाळी गोळी लागू पडली की तासभर. दुकान बंद केलं तेव्हा डोळ्यांत पाणी नाही आलं यांच्या. त्या ओळींपायी मात्र रडले."

भिंगताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू?" घड्याळजी पहिल्यांदाच चिडले. "सांभाळणारा धड नसेल तर यंत्र काढायचं, हाही तुमचाच नियम. हा हात बघितला असता, तर दुसऱ्या दिवशी आमचा निकाल लावला असतात."

लावला असता. भिंगताईंना खोटं बोलता येत नसे. मग त्यांनी टेबलावरचे पाचही फोटो गोळा केले आणि पिशवीत टाकले.

"नवीन काढा. तुमचाच हात. जसा आहे तसा. रविवारी मी बोलेन."

नको नको म्हणत घड्याळजींनी हात यंत्रावर ठेवला. बायकोने हलत्या हाताचाच फोटो काढला आणि त्यांच्याच पत्त्यावरून सगळ्या मंडळाला पाठवला. खाली दोन शब्द लिहिले: 'चालू आहे.'

तिघंही बसून राहिली. दोन मिनिटांत भिंगताईंचा फोन वाजला.

"काय म्हणतात?" घड्याळजींनी विचारलं.

भिंगताईंनी वाचून दाखवलं. "'भिंगताई, तुमचा संशय शंभर टक्के खरा. हा फोटो तर सरळसरळ बनावट आहे. मोठा करा आणि बोटं मोजा. सात आहेत.'"