खडूची अक्षरं

सोलापुरातल्या जुन्या इंग्रजी कबरस्तानात अजिंक्य फोटो काढायला आला, की राखणदार शेखलालचाचा झिजलेल्या अक्षरांवर खडू घासून द्यायचे. मग फोटोत नाव उठून दिसायचं. आज त्यांनी एका मडमेचा दगड पुसला, खडू घासला.

"दीडशे वर्षं झाली, तरी बाई सापडली बघा!" अजिंक्य खुशीत म्हणाला.

चाचांनी हातावरची खडूची पूड झटकली. "आमच्या कबरस्तानात येता का? गुलबानोचा फोटो काढायचाय. माझी बायको. कोरोनात गेली."

"चला की. खडू घ्या बरोबर."

"खडू कशाला? दगडच न्हाय तितं. मी बी तवा दवाखान्यातच हुतो. सुटून आलो, तर मातीचे बारा ढिगारे, समदे सारखेच. तुमी बाराच्या बारा एकाच फोटोत घ्या. त्यात ती असंल की."