क्रेनवाल्याचं दुखणं

"तपासणीत रक्त निघालंय," कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅमेरा घालून आतून बघावं लागेल. तोवर क्रेन बंद."

क्रेनवाला मान खाली घालून बाहेर आला. मूळव्याध त्याला पाच वर्षांची. बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये दिवसाचे आठ-आठ तास बसून कमावलेली. मध्ये भोक असलेल्या त्याच्या उशीला खालची मंडळी सिंहासन म्हणायची. त्याने सगळं हसण्यावारी नेलं, पण शौचाच्या तपासणीत रक्त सापडलं की माणूस क्रेनवरून खाली, हा नियम काही हसण्यावारी जाईना. नमुन्याची डबी हातात पडली तेव्हाच त्याला घाम फुटला होता.

"आणा इकडे," बायको म्हणाली होती. "बाजाराला जाताना मीच देऊन येते. तुम्ही गेलात तर तुमचं तोंड बघूनच नापास करतील."

आता तो फाटकावर बसून ट्रकचे नंबर लिहीत होता आणि कॅमेऱ्याच्या तारखेची वाट बघत होता.

त्याच्यापेक्षा बायकोच जास्त खंगली. एक मजला चढताना मध्ये जिन्यात टेकायची. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. संध्याकाळी मात्र टबात कोमट पाणी भरून त्याला बसवायची, इसबगोल ढवळून पेला पुढ्यात धरायची.

"आणि संडासात पेपर नेऊ नका. अर्धा अर्धा तास बसून तिथं काय अग्रलेख लिहायचाय?"

"तू एवढी काळजी करू नकोस गं. मी काय लगेच मरतोय?"

"तुम्ही नाही हो मरत," ती म्हणाली आणि पेला विसळायला गेली.

कॅमेऱ्याच्या दिवशी मोठे डॉक्टर हसतच आले. "आतडं स्वच्छ आहे. नुसती मूळव्याध. कुंथू नका, पाणी भरपूर प्या, पालेभाज्या खा. सोमवारपासून चढा क्रेनवर."

"मग ते रक्त?"

"मूळव्याधीचंच असणार. दुसरं येणार कुठून?"

तो जवळजवळ धावतच बाहेर आला. बायको भिंतीला टेकून बाकावर बसली होती. त्याने एका दमात सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अगं, सुटलो आपण! चल, ऊठ, घरी जाऊ."

ती उठली नाही. त्याचा हात तिने घट्ट धरला.

"अहो," ती म्हणाली, "त्या डबीत तुमचं नव्हतं. माझं होतं."