दगडावरचा चहा

लॅटिनच्या मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"एवढंच?"

"एवढंच," समोरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "'पंचेचाळीस वर्षं ह्यांनी रोज सकाळी मला चहा करून दिला.' करा लॅटिन."

शेजारी बसलेल्या मुलाने खिशातून दुसरा कागद काढला. त्यावर कर्तव्यदक्ष, सेवाभावी, अजातशत्रू अशी अकरा विशेषणं ओळीने उभी होती.

"आई, भिंतीवर बाबांच्या शिळेच्या एका बाजूला न्यायाधीश आहेत, दुसऱ्या बाजूला सर्जन. मध्ये चहा? आणि पाथरवट बारापर्यंतच थांबणार आहे."

"त्या अकरांतल्या एकालाही मी ओळखत नाही रे. तिथे जाऊन मी कुणापुढे उभी राहू?"

गावाच्या स्मृतिभिंतीवर फक्त लॅटिन चालायचं. प्रत्येक शिळेचा मजकूर मास्तरांच्या हातून जाई, आणि दोन हजार वर्षांहून तरुण शब्दाला ते दारात उभं करत नसत.

"पंचाईत आहे," ते म्हणाले. "रोमन लोकांना चहा ठाऊकच नव्हता. शब्द नाही."

मुलाचा चेहरा उजळला. त्याने आपला कागद बोटभर पुढे सरकवला.

"मग सकाळी उठून प्यायचे काय ते?" बाईंनी विचारलं.

"पाणी घातलेली दारू."

"म्हणजे ह्यांनी पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी मला दारू पाजली, असं दगडावर?"

"न्यायाधीशांच्या शेजारी खपून जाईल," मास्तर म्हणाले.

बाईंनी पर्स उघडली, पुन्हा मिटली. "दुसरं गरम असं काहीच नव्हतं का हो?"

मास्तरांनी जाडजूड कोश ओढला, थुंकी लावून चार पानं उलटली.

"गरम पाणी. ते मात्र पीत. वाक्य असं होईल : पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी त्याने तिला गरम पाणी दिलं."

"हे काय वाक्य झालं?" मुलगा उखडला.

बाईंचे खांदे हलू लागले. मुलाने घाईने रुमाल पुढे केला. त्यांनी डोळे पुसले, पण हसू काही आवरेना.

"हेच कोरा," त्या म्हणाल्या. "'चहा' आपलं हे म्हणायचे. मी एवढ्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही, पण असायचं ते गरम पाणीच."