टोचणारी कवळी

कवळी स्वस्तात मिळते म्हणून मासळीवाली रेमेदियोस मनिलाच्या दंतमहाविद्यालयात खेटे घालत होती. प्रत्येक खेपेला विक्री बुडे आणि तपासणाऱ्या मॅडम कवळी नापास करत. ती बनवणाऱ्या विद्यार्थिनीची, जोवेलिनची, आज शेवटची संधी होती; नाहीतर वर्ष वाया. कवळी बसवून मॅडमनी विचारलं, “मावशी, टोचतेय का?” जोवेलिनचे डोळे भरले होते. टोचत तर होती, पण ‘नाही’ म्हटलं की दोघी सुटणार होत्या. रेमेदियोसला घरी जाऊन नुसतं आडवं व्हायचं होतं. तरी तिनं कवळी काढली. “डावीकडं टोचतेय, पोरी. मी सोसेन, पण उद्या दुसऱ्यालाही अशीच बसवशील.” “चारपर्यंत वेळ आहे,” मॅडम जोवेलिनला म्हणाल्या. “घासून नीट कर.” जोवेलिन डोळे पुसून घासत राहिली. चारला मॅडम आल्या तेव्हा रेमेदियोस कवळी लावून खुर्चीतच घोरत होती. न विचारताच त्यांनी जोवेलिनच्या कागदावर ‘पास’ची सही केली.