गौरींसाठी शेवटचं पान

"शेवटचं पान बघितलंस आणि हरलीस, तर पाच वर्षं हा विषय काढायचा नाही," जाऊबाई म्हणाल्या. "आत्ताच पत्ते टाकून डाव सोडलास, तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळू."

आमच्यात पैसे लावत नाहीत. पुतण्याने शिकवलेल्या ओमाहा पोकर या पत्त्यांच्या खेळावर आम्ही दोघींनी सण लावला होता. मोठ्या पानांच्या हाताला गणपती, लहान पानांच्या हाताला गौरी. लहान हात जमलाच नाही, तर दोन्ही मोठ्या हाताकडे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दोन्ही जाऊबाईंच्याच घरी येत होते.

टेबलावर दोघींची सामाईक पानं: राजा, राणी, सत्ती, तिर्री. माझ्याकडे एक्का-दुर्री, म्हणजे सगळ्यांत लहान दोन पानं. लहान हाताला अठ्ठीपर्यंतचीच पाच वेगवेगळी पानं लागतात, म्हणून पाचवं पान तसं लहान आलं तरच माझं जमणार होतं.

"काकू, टाका पत्ते," पुतण्या कुजबुजला. "फार तर अर्धा डाव मिळेल. पुरा मिळणार असेल तरच मागे लागायचं."

"अरे, तिचा जप तरी संपू दे," जाऊबाई हसल्या.

मी खरंच देवीचं नाव घेत होते. पण पुतण्याचं गणित दोन्ही हवं असणाऱ्याचं होतं. गणपती जाऊबाईंकडे सुखात होता. मला गौरीच हव्या होत्या, म्हणजे अर्धा डाव हाच माझा पुरा डाव.

"बघते," मी म्हणाले.

पंजी आली. लहान हात माझा झाला.

जाऊबाईंनी पत्ते गोळा केले. मग म्हणाल्या, "साड्या नेसवायला मीच येणार हं. तुला निऱ्या जमत नाहीत."

"या ना. आणि या वर्षी तुम्ही आयतं जेवायला बसायचं."