आर्गिरोचा उतार

“घरी दोन खोल्या झाडूनपुसून ठेवल्यात. आता आणखी काय बघायचं राहिलंय?” लेफ्टेरिसने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं.

“जरा थांबा, बाबा,” म्हणत आर्गिरो उतरलीसुद्धा. तिच्यामागून तिचा नवरा ग्लेन उतरला. मग म्हाताऱ्यालाही किल्ली फिरवावी लागली.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पीडी गावाच्या कडेची ती उघडी टेकडी. गावातली कितीतरी घरं अशाच टेकड्यांच्या पोटात खोदलेली. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत दुपारी पांघरूण ओढून झोपता येतं. लेफ्टेरिसच्या घरात अशा सात खोल्या होत्या. दिवसभर खाणीत ओपलची रत्नं शोधायचा, आणि घरी आला की घराच्याच भिंती उकरायचा. भिंतीत ओपल कधी निघालं नाही, खोल्या मात्र वाढत गेल्या. बायको गेल्यापासून तो त्या सातही खोल्यांत एकटा होता.

आर्गिरोला इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली आणि अॅडलेडचं भाड्याचं घर सोडून ती मुलांना घेऊन गावी आली. मुलं सकाळपासून आजोबांच्या गार फरशीवर लोळत होती. दवाखान्याने देऊ केलेलं घर मघाशीच बघून झालं होतं. वर पत्रा आणि खिडकीत घरघरणारा एसी.

“मला विचाराल तर एसी काही वाईट नव्हता,” ग्लेन तोंडावरच्या माशा हाकलत म्हणाला.

“तुला कोणी विचारलंय?” बापलेक एकदमच म्हणाले.

आर्गिरो उतारावर चढली. दुपार कलली होती आणि टेकडीची सावली पायथ्यापर्यंत उतरली होती. तिने उघड्या कड्यावर हात ठेवला.

“मला ही जागा हवी, बाबा.”

“ही?” लेफ्टेरिस हसला. तिचा चेहरा बघून हसू विरलं. “इथला दगड कडक आहे. म्हणून तर इतकी वर्षं कोणी हात लावला नाही. आणि घरात खोल्या असताना जागा शोधायची कशाला? माझ्या घरात काय काटे टोचतात?”

“तुमच्या घरात सगळं आहे. पण ते तुमचं आहे.”

“मी गेल्यावर तुझंच होणार.”

“तोवर मी बाबांकडे राहायला आलेली मुलगी.” ती खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. “तुम्ही घर खोदत होतात तेव्हा आई तंबूत राहायची. धुळीची भाकरी खाल्ली म्हणायची. दर वेळी सांगायची ना, तेव्हा तिची मान अशी ताठ असायची. मी माझ्या मुलांना काय सांगू? आजोबांनी खोल्या झाडून ठेवल्या होत्या, एवढंच?”

लेफ्टेरिसने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मुलांसाठी त्याने भिंतीत खेळणी ठेवायला कोनाडे कोरले होते. ते तिने पाहिले होते, आणि तिने पाहिलेत हे त्यालाही ठाऊक होतं.

“जागेच्या मालकाला विचारलंस?”

“काल भेटले त्याला. देतो म्हणाला. आधी खोदून बघ, म्हणाला.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.”

“म्हणालोच असतो!”

आर्गिरोने गाडीच्या मागच्या भागातून टिकाव ओढून काढला. लहानपणी बापाने तिला खाणीत पाऊलही टाकू दिलं नव्हतं. जेवणाचा डबा वरून दोरीने सोडायचा आणि मुकाट घरी जायचं. हे बायकांचं काम नाही, एवढं एकच कारण. तिने कधी वाद घातला नव्हता.

पहिला घाव बसला आणि टिकाव उसळून परत आला. दुसऱ्या घावाला दगडावर नुसता पांढरा ओरखडा उमटला. तिसऱ्याला ती धडपडली. ग्लेन पुढे धावला. लेफ्टेरिसने त्याचा दंड धरला.

“थांब. तिला मारू दे.”

ग्लेन थांबला. म्हातारा दोन पावलं पुढे गेला.

“कोपर अंगाशी घे. नुसती ताकद लावून काही होत नाही. त्या गुलाबी पट्ट्याखाली रेघ दिसते? तिथे मार. तिथेच. परत.”

ती मारत राहिली. तिच्या केसांत धूळ बसली, हात लालभडक झाले. लेफ्टेरिस एका उपड्या बादलीवर बसून अधूनमधून “खाली”, “जरा डावीकडे” म्हणत होता. मग तेही म्हणेनासा झाला. तिचं तिला कळायला लागलं होतं. शेवटी एक भलीथोरली शिळा सुटून धपकन पडली आणि आतला कोरा दगड उघडा झाला, गुलाबी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा.

लेफ्टेरिस उठला. त्या दगडावरून त्याने तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत. कुठे भेग नव्हती. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

तेवढ्यात लेफ्टेरिसचा खाणीतला सोबती मिलोराद याची जुनी लॉरी खडखडत आली आणि उताराच्या पायथ्याशी आडवी उभी राहिली. मिलोरादने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“काय रे म्हाताऱ्या, पोरीला धुळीमातीत राबवतोस? आणि घरच्या सात खोल्या कुणासाठी ठेवल्यास, भुतांसाठी?”

लेफ्टेरिसने कमरेवर हात ठेवले.

“आधी लॉरी मागे घे,” तो ओरडला. “माझ्या मुलीच्या अंगणात लावलीयस.”